योगायोगाच्या भेटी आणि नावांचे ऋण : सर वॉल्टर स्कॉटच्या चरित्रातील एक सूत्र

१

मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या उगमाचा विचार करताना सर वॉल्टर स्कॉट (१७७१-१८३२) हे नाव टाळता येत नाही. रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ साली अवतरली, पुढे हरिभाऊ आपट्यांनी ह्या प्रकाराला भरीव रूप दिले, आणि ह्या साऱ्या वाटचालीची चर्चा करताना आपले समीक्षक स्कॉटच्या आदर्शाकडे वारंवार बोट दाखवीत आले. मात्र ही चर्चा बहुधा रचनेपुरती मर्यादित राहते. ऐतिहासिक व्यक्तींना पार्श्वभूमीवर ठेवून कल्पित नायकाला पुढे आणणे, दोन पक्षांच्या संघर्षात त्याला मध्ये उभे करणे, प्रदेशाचे तपशीलवार वर्णन करणे इत्यादी विशेष आपण विद्यार्थ्यांना सांगतो. ह्या कादंबऱ्यांतील इतिहास स्कॉटच्या हाती आला कोठून, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

स्कॉट ग्रंथांचा मोठा संग्राहक होता, हे खरेच आहे. परंतु त्याच्या स्कॉटलंडविषयक कादंबऱ्यांचा प्राण ज्या सामग्रीत आहे, तिचा फार मोठा भाग त्याला माणसांकडून मिळाला. आणि ही माणसे त्याला भेटली ती वडिलांच्या कचेरीत, समुद्रकाठच्या फेरफटक्यात, मेंढपाळाच्या झोपडीत, न्याहारीच्या मेजावर किंवा निनावी पत्रातून. ह्या भेटी योगायोगाने घडल्या. तथापि त्यांतून जे घेतले गेले त्याची परतफेड कशी व्हावी, हा प्रश्न योगायोगाचा नव्हता. स्कॉटच्या आयुष्याकडे ह्या एका सूत्राच्या आधारे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

२

स्कॉटचा जन्म १५ ऑगस्ट १७७१ रोजी एडिंबरा येथे झाला. वडील, त्यांचेही नाव वॉल्टरच, कायद्याचा व्यवसाय करीत. आई अ‍ॅन रदरफर्ड ही एका वैद्यकाच्या प्राध्यापकाची कन्या. मूल दीड वर्षाचे असताना तापाचे निमित्त होऊन त्याचा उजवा पाय अधू झाला. आजच्या वैद्यकाच्या दृष्टीने हा पोलिओ असावा. शहरी उपचारांनी गुण येईना, तेव्हा मोकळ्या हवेसाठी त्याला सरहद्द प्रदेशातील सँडीनो येथे आजोबांच्या शेतावर पाठविण्यात आले. इंग्लंड आणि स्कॉटलंड ह्यांच्या सीमेवरील हा मुलूख शतकानुशतके लुटालूट, सूड आणि गुरे पळविण्याच्या मोहिमांनी गाजलेला होता. घरासमोरच्या कड्यावर स्मेलम नावाचा जुना बुरूज उभा होता. आजी जुन्या लुटारू सरदारांच्या कथा सांगे, आत्या जेनेट कथागीते वाचून दाखवी. १७४५ च्या बंडात सापडलेल्यांना कार्लाइल येथे फाशी देण्यात आले, तो प्रकार डोळ्यांनी पाहिलेल्या एका गृहस्थाच्या तोंडूनही ह्या बालकाने ती हकीकत ऐकली. पाय अधू असल्यामुळे पळापळ करता येत नसलेले हे मूल श्रोता झाले. ही श्रोत्याची वृत्ती त्याच्या जीवनात अखेरपर्यंत टिकून राहिली.

पुढे प्रकृतीसाठीच त्याला प्रेस्टनपॅन्स ह्या समुद्रकाठच्या गावी ठेवले होते. तेथे दोन माणसे भेटली. एक होता डाल्गेटी नावाचा वृद्ध सैनिक. हुद्द्याने तो साधा निशाणधारी अधिकारी, अर्ध्या पगारावर निवृत्त झालेला; लोक त्याला आदराने कॅप्टन म्हणत. त्याच्या मोहिमांच्या कथा ऐकायला गावात कोणास सवड नव्हती. ती ह्या मुलाला होती. दुसरा जॉर्ज कॉन्स्टेबल, वडिलांचा स्नेही आणि जुन्या वस्तूंचा नादिष्ट. त्याने मुलाला शेक्सपिअरच्या पात्रांची गोडी लावली. सुमारे चार दशकांनंतर 'अ लेजंड ऑफ माँट्रोज' (१८१९) मधील बोलघेवड्या सैनिकाला स्कॉटने डाल्गेटी हे नाव दिले, आणि 'द अँटिक्वेरी' (१८१६) मधील जोनाथन ओल्डबक ह्या पुराणवस्तुप्रेमी गृहस्थाच्या घडणीत कॉन्स्टेबलचे अनेक विशेष उतरले. त्याच कादंबरीतील एडी ऑकिल्ट्री हा भिक्षेकरी अँड्र्यू गेमल्स ह्या फिरत्या भिक्षेकऱ्यावरून घेतला आहे. त्यालाही स्कॉटने स्वतः पाहिले होते.

३

१७८६ साली वडिलांच्या कचेरीत उमेदवारी सुरू झाली. कायद्याचे दस्तऐवज उतरवून काढण्याचे हे काम रुक्ष होते. पण कचेरीत पक्षकार येत, आणि त्यांत इन्व्हरनाहाइलचा अलेक्झांडर स्टुअर्ट होता. पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूने, म्हणजे जॅकोबाइट पक्षातर्फे, तो १७१५ आणि १७४५ अशा दोन्ही उठावांत लढला होता. प्रसिद्ध रॉब रॉयशी तलवारीचे द्वंद्व खेळल्याचेही तो सांगे. हायलँड भागात ह्या वृद्धाच्या भेटीस स्कॉट गेला आणि तेथील डोंगराळ मुलखाचे पहिले दर्शन त्याला घडले.

इन्व्हरनाहाइलच्या आठवणींपैकी एक पुढे फार मोलाची ठरली. १७४५ मध्ये प्रेस्टनपॅन्सच्या लढाईत सरकारी सैन्याची दाणादाण उडाली असता कर्नल व्हाइटफर्ड हा अधिकारी तोफेपाशी एकटाच उभा राहिला. इन्व्हरनाहाइलने त्याला शरण येण्यास सांगितले. त्याने नकार देऊन तलवारीचा वार केला. तो वार ढालीवर घेऊन, आणि मागून कुऱ्हाड उगारून आलेल्या आपल्याच माणसाला थोपवून, इन्व्हरनाहाइलने शत्रूचा प्राण वाचविला. पुढच्या वर्षी कलोडनच्या पराभवानंतर इन्व्हरनाहाइलच जिवानिशी जाण्याची वेळ आली, तेव्हा व्हाइटफर्डने सेनापती ड्यूक ऑफ कंबरलँडकडे त्याच्यासाठी रदबदली केली. नकार मिळताच आपली सनद परत करण्याची तयारी दर्शविली आणि अखेर त्याच्या कुटुंबाला संरक्षण मिळवून दिले. 'वेव्हर्ली' (१८१४) ह्या स्कॉटच्या पहिल्या कादंबरीत नायक कर्नल टॅल्बटला वाचवितो आणि पुढे टॅल्बट त्याच्यासाठी क्षमा मिळवितो. कथानकाचा हा कणा वडिलांच्या एका अशिलाच्या आठवणीतून आला आहे. परस्परविरोधी पक्षांतील दोन माणसांना एकमेकांचे ऋण मान्य करता येते, ही स्कॉटच्या इतिहासदृष्टीतील मूलभूत कल्पना. ती त्याच्यापर्यंत एका अनुभवी माणसाच्या बोलण्यातून पोहोचली, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

४

१७९२ मध्ये स्कॉट वकील झाला. त्याच वर्षी रॉबर्ट शॉर्टरीड ह्या न्यायखात्यातील स्नेह्याबरोबर तो लिड्सडेल ह्या दुर्गम खोऱ्यात गेला आणि पुढे सलग सात वर्षे हा परिपाठ चालू राहिला. त्या खोऱ्यात खानावळ नव्हती, धड रस्ता नव्हता. चाकांचे वाहन तेथे प्रथम आले ते स्कॉटचेच, असे चरित्रकार नोंदवितात. रात्र कधी पाद्रीबुवांच्या घरी, कधी मेंढपाळाच्या झोपडीत काढावी, जे मिळेल ते खावे-प्यावे आणि कोणाला जुने कथागीत येत असल्यास उतरवून घ्यावे, असा क्रम असे. शॉर्टरीडला पुढे असे वाटले की, त्या वर्षांत स्कॉट नकळत स्वतःलाच घडवीत होता. तेथील शेतकऱ्यांच्या चालीरीती, त्यांची बोली, त्यांचा आदरसत्कार आणि त्यांची कुत्री ह्या साऱ्यांना 'गाय मॅनरिंग' (१८१५) मधील डँडी डिनमाँटच्या रूपाने अक्षर रूप मिळाले.

ह्या संग्रहातून 'मिन्स्ट्रल्सी ऑफ द स्कॉटिश बॉर्डर' सिद्ध झाले. पहिले दोन खंड १८०२ मध्ये आणि तिसरा १८०३ मध्ये निघाला. ह्या कामातील दोन साहाय्यकांची हकीकत आपल्या विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे.

पहिला जॉन लेडन. हा मेंढपाळाचा मुलगा अनेक भाषा स्वतःच्या बळावर शिकला होता. एडिंबऱ्यातील एका पुस्तकविक्रेत्याच्या दुकानात तो तासन्‌तास वाचीत उभा असे. तेथे रिचर्ड हीबर ह्या ग्रंथसंग्राहकाची नजर त्याच्यावर गेली आणि हीबरने त्याची स्कॉटशी गाठ घालून दिली. एका अपुऱ्या कथागीताचा उरलेला भाग एका वृद्धास येतो असे कळताच लेडन चाळीसहून अधिक मैल पायी गेला आणि परत येताना ते गीत मोठ्याने गातच मेजवानीच्या खोलीत शिरला. पुढे तो हिंदुस्थानात आला आणि १८११ साली जावा बेटावर मरण पावला. बाबराच्या आत्मचरित्राचे त्याने आरंभिलेले भाषांतर मुंबईत दीर्घकाळ राहिलेल्या विल्यम अर्स्किन ह्या विद्वानाने पुरे केले, आणि १८२६ मध्ये ते दोघांच्याही नावांनी प्रसिद्ध झाले. मागे राहिलेल्या मित्राचे नाव मुखपृष्ठावर कायम ठेवण्याचा हा सौजन्याचा नमुना होय.

दुसरा जेम्स हॉग. एट्रिकचा हा मेंढपाळ पुढे स्वतः कादंबरीकार म्हणून प्रसिद्धीस आला. त्याची आई मार्गारेट लेडलॉ हिला असंख्य जुनी गीते मुखोद्गत होती. १८०२ मध्ये स्कॉट तिच्या घरी गेला असता तिने एक दीर्घ कथागीत म्हणून दाखविले. मात्र त्याच भेटीत तिने त्याला सुनावलेही, असे हॉग सांगतो. ही गीते गाण्यासाठी केलेली होती, वाचण्यासाठी नव्हे; ती छापून स्कॉटने त्यांची मोहिनी घालविली, आणि शिवाय ती नीट छापलीही नाहीत, असा तिच्या बोलण्याचा आशय होता. संग्राहकाला त्याच्या निवेदकाने इतके स्पष्टपणे उत्तर दिल्याची उदाहरणे साहित्येतिहासात विरळ आहेत. मौखिक परंपरेतून घेतलेली वस्तू छापील होताच तिचे स्वामित्व बदलते, हे लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी पुढे पुष्कळ मांडले. त्या म्हातारीने ते आपल्या उंबरठ्यावरच सांगून टाकले होते.

५

१७९७ मध्ये गिल्सलँड येथे सहलीस गेला असता घोड्यावरून जाणारी एक तरुणी स्कॉटने पाहिली. ती शार्लट कार्पेंटर. त्याच वर्षाच्या डिसेंबरात दोघांचा विवाह झाला. १७९९ मध्ये तो सेलकर्कशरचा शेरीफ झाला. १८०५ पासून 'द ले ऑफ द लास्ट मिन्स्ट्रल', 'मार्मियन' आणि 'द लेडी ऑफ द लेक' ह्या काव्यांनी त्याला अमाप लोकप्रियता मिळवून दिली. १८११ मध्ये ट्वीड नदीकाठची जागा विकत घेऊन त्याने अ‍ॅबट्सफर्डच्या वास्तूचा आरंभ केला. काही वर्षांपूर्वी अर्धवट टाकलेल्या कादंबरीचे हस्तलिखित मासे धरण्याचे साहित्य शोधताना त्याच्या हाती लागले, ते त्याने पुरे केले, आणि ७ जुलै १८१४ रोजी 'वेव्हर्ली' निनावी प्रसिद्ध झाली.

निनावीपणाची कारणे अनेक होती. न्यायालयातील पदाची प्रतिष्ठा, कवी म्हणून मिळविलेली कीर्ती पणाला न लावण्याची सावधगिरी, आणि काही अंशी गूढतेची हौस, ही त्यांतील प्रमुख. तथापि एक परिणाम असा झाला की, ज्यांच्याकडून सामग्री मिळाली त्यांचे आभार मानणे अशक्य झाले. लेखकच अज्ञात, तर त्याने ऋण कोणाच्या नावे मांडायचे? पुढली सुमारे तेरा वर्षे स्कॉट माणसांकडून घेत राहिला, आणि ज्या कादंबऱ्यांसाठी हे घेतले जात होते त्या आपल्या असल्याचे उघडपणे नाकारीत राहिला.

त्याच महिन्याच्या अखेरीस तो दीपगृह मंडळाच्या जहाजातून उत्तरेकडील बेटांच्या सफरीवर निघाला. बरोबर दीपगृहांचे अभियंते रॉबर्ट स्टीव्हन्सन होते. कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे हे आजोबा. ऑर्कनी बेटांतील स्ट्रोमनेस बंदरात टेकडीवरच्या एका झोपडीत बेसी मिली नावाची अतिवृद्ध स्त्री राहत असे. किटली उकळून, प्रार्थना करून ती खलाशांना अनुकूल वारा विकत असे, आणि दर सहा पेन्सचा असे. तिने स्कॉटला गो नावाच्या चाच्याची कथा सांगितली. 'द पायरेट' ही कादंबरी (१८२१ च्या अखेरीस प्रसिद्ध) आणि तीतील नॉर्ना ही गूढ स्त्री ह्यांचे बीज ह्या भेटीत आहे.

६

ह्या सर्वांत महत्त्वाचा माणूस मात्र जोसेफ ट्रेन (१७७९-१८५२). एअरशरमधील गरीब घरात जन्मलेला ट्रेन आधी विणकर, मग काही वर्षे शिपाई आणि १८०८ पासून अबकारी खात्यात नोकर होता. चोरटी दारू शोधण्यासाठी खेडोपाडी हिंडताना तो जुन्या आख्यायिका आणि वस्तू गोळा करी. १८१४ मध्ये त्याचा एक कवितासंग्रह छापला जात होता. छपाई चालू असतानाच तो स्कॉटच्या नजरेस पडला. स्कॉटचे लक्ष कवितांपेक्षा त्यांना जोडलेल्या स्थानिक आख्यायिकांच्या टिपांकडे अधिक गेले. त्याने ट्रेनला पत्र लिहून प्रती मागविल्या आणि गॅलोवे प्रांतातील कथा कळविण्याची विनंती केली.

त्या वेळी ट्रेन आणि त्याचा एक मित्र गॅलोवेचा इतिहास लिहिण्याच्या तयारीत होते. स्कॉटचे पत्र येताच ट्रेनने तो संकल्प सोडून दिला आणि जमविलेले सर्व स्कॉटच्या स्वाधीन करावयाचे ठरविले. एका होतकरू लेखकाने स्वतःचा ग्रंथ बाजूला ठेवून दुसऱ्याच्या ग्रंथांचा पुरवठादार व्हावे, ही घटना वाचताना मन द्विधा होते. ट्रेनच्या निष्ठेचे कौतुक वाटते, आणि त्याच वेळी ज्या ग्रंथकाराला त्याने हे दिले तो अजून आपले नावही सांगत नव्हता, हे विसरता येत नाही.

मे १८१६ मध्ये ट्रेन एडिंबऱ्यास स्कॉटच्या घरी आला. येताना त्याने रॉब रॉयचा बटवा भेट म्हणून आणला होता. ग्रंथसंग्रहाच्या खोलीत क्लेव्हरहाउसच्या ग्रॅहमचे चित्र टांगलेले होते. सतराव्या शतकात कॉव्हेनंटर ह्या धर्मनिष्ठ प्रेसबिटेरियन पंथीयांना निर्दयपणे चिरडणारा म्हणून हा सेनानी लोकस्मृतीत बदनाम होता. चित्रातील मुद्रा मात्र देखणी आणि खिन्न. ती पाहून ट्रेनने सुचविले की, ह्या माणसाला कादंबरीचा विषय करता येईल. आणि ती कथा 'ओल्ड मॉर्टॅलिटी'च्या तोंडून सांगितली तर त्याची दुसरी बाजूही समोर येईल. ओल्ड मॉर्टॅलिटी हे रॉबर्ट पॅटर्सन ह्या पाथरवटाचे टोपणनाव. हुतात्मा कॉव्हेनंटरांच्या थडग्यांवरील झिजलेली अक्षरे पुन्हा कोरीत तो आयुष्यभर गावोगाव फिरला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात 'ओल्ड मॉर्टॅलिटी' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. स्कॉटच्या उत्कृष्ट कृतींत तिची गणना होते.

येथे संशोधकाला थबकावे लागते. ट्रेनच्या आठवणीप्रमाणे ओल्ड मॉर्टॅलिटी कोण, असे स्कॉटने त्या सकाळी त्यालाच विचारले. स्कॉट मात्र पुढे लिहितो की, १७९० च्या दशकाच्या आरंभी त्याने स्वतः पॅटर्सनला डनॉटरच्या दफनभूमीत काम करताना पाहिले होते. ट्रेनने ती आठवण पुन्हा जागी केली. ह्यांपैकी एकाला खोटे ठरविण्याची गरज नाही. तेवीस-चोवीस वर्षांपूर्वीची ओझरती भेट विसरली जाणे स्वाभाविक आहे. आणि निनावीपणा राखणाऱ्या माणसाने विषयाबाबत अनभिज्ञता दाखविली असणेही असंभवनीय नाही. सूचना कोणाची आणि स्मृती कोणाची, हे सांगणाऱ्याच्या बाजूवर अवलंबून राहते. माहिती देणारा आणि लिहिणारा ह्या दोघांच्याही साक्षी उपलब्ध असणे हेच दुर्मीळ. बहुतेक वेळा लिहिणाऱ्याचीच तेवढी उरते.

७

१८१७ च्या सुमारास स्कॉटला एक निनावी पत्र आले. डम्फ्रीजजवळ राहणाऱ्या गोल्डीबाईंनी ते लिहिले होते. लिंक्लूडन मठाच्या परिसरात त्यांना कोंबड्यांची पिले पाळून आणि मोज्यांचे तळवे विणून पोट भरणारी एक म्हातारी योगायोगाने भेटली होती. तिच्या बोलण्यातील ताठपणा त्यांच्या मनात राहिला. पुढे अधिक चौकशी करावी म्हणेपर्यंत ती वारली. पण तिची हकीकत परिचितांकडून कळली. तिचे नाव हेलन वॉकर. १७३८ मध्ये तिच्या बहिणीवर नवजात अर्भकाच्या हत्येचा आरोप आला. आपण गरोदर असल्याचे बहिणीने मला सांगितले होते, एवढी एकच साक्ष हेलनने दिली असती तर त्या वेळच्या कायद्याप्रमाणे बहीण सुटली असती. परंतु ते असत्य होते, आणि हेलनने ते उच्चारण्यास नकार दिला. शिक्षा ठोठावली जाताच ती पायी लंडनला निघाली, ड्यूक ऑफ आर्गाइलला भेटली आणि क्षमापत्र मिळवून परतली.

'द हार्ट ऑफ मिडलोदियन' (१८१८) मधील जीनी डीन्स ती हीच. राणीसमोरचा प्रसिद्ध प्रसंग स्कॉटच्या कल्पनेचा आहे. परंतु सत्य आणि ममता ह्यांच्यातील पेच, आणि राजकन्येला किंवा सुंदरीला बाजूस सारून एका साध्या शेतकरी मुलीने व्यापलेले नायिकेचे स्थान, हे त्या पत्रातून आले. पत्र लिहिणारीने नाव दिले नव्हते, ज्याला लिहिले त्याने आपले कर्तृत्व झाकलेले होते, आणि जिची कथा ती २६ वर्षांपूर्वीच मातीआड झाली होती.

८

१८२० मध्ये स्कॉटला 'सर' ही पदवी मिळाली. त्याच वर्षी त्याच्या शब्दामुळे ट्रेनला अबकारी खात्यात बढती मिळाली. ट्रेनकडून वस्तू आणि कथा येतच होत्या. देशभक्त विल्यम वॉलेस जेथे पकडला गेला असे सांगतात त्या रॉब्रॉयस्टन येथील घराच्या लाकडाची खुर्ची त्याने करवून पाठविली. ती अ‍ॅबट्सफर्ड येथे आजही पाहावयास मिळते.

जानेवारी १८२६ मध्ये प्रकाशक कॉन्स्टेबल आणि मुद्रक बॅलंटाइन ह्यांचे दिवाळे निघाले. बॅलंटाइनच्या धंद्यात गुप्तपणे भागीदार असलेल्या स्कॉटवर सुमारे १ लाख २० हजार पौंडांचे कर्ज कोसळले. दिवाळखोरी जाहीर न करता लेखणीच्या बळावर ते फेडण्याचे त्याने ठरविले. त्याच वर्षी मे महिन्यात पत्नीचे निधन झाले. हिशेब उघड झाल्यावर कर्तृत्व झाकून ठेवण्यात अर्थ उरला नाही. २३ फेब्रुवारी १८२७ रोजी एडिंबरा येथील एका सार्वजनिक भोजनप्रसंगी त्याने 'वेव्हर्ली' आणि नंतरच्या कादंबऱ्या आपल्याच असल्याचे प्रकटपणे मान्य केले.

त्यानंतर त्याने जे केले त्याकडे चरित्रकारांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. त्याच वर्षी निघालेल्या 'क्रॉनिकल्स ऑफ द कॅननगेट'च्या प्रस्तावनेत त्याने ट्रेन आणि गोल्डीबाई ह्यांचे ऋण नावानिशी नोंदविले. १८२९ पासून त्याच्या कादंबऱ्यांची सटीप आवृत्ती दरमहा एक खंड ह्या क्रमाने निघू लागली. तिच्या प्रस्तावनांतून इन्व्हरनाहाइल, कॉन्स्टेबल, गेमल्स, बेसी मिली, पॅटर्सन अशी माणसे एकामागून एक प्रकाशात आली. ही आवृत्ती कर्जफेडीसाठी काढली होती, हे सर्वश्रुत आहे. तिने दुसरेही कर्ज फेडले. पहिल्याचे सावकार वहीत नोंदलेले होते. दुसऱ्याचे सावकार त्याने स्वतःच्या स्मरणातून शोधून काढले.

'क्रॉनिकल्स'मधीलच 'द सर्जन्स डॉटर' ही कथा आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाची. हिच्यात हैदर अली आणि टिपू येतात, आणि कथेचा उत्तरार्ध म्हैसूरच्या परिसरात घडतो. स्कॉटने हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता. मूळ हकीकत ट्रेनने पुरविली आणि हिंदुस्थानचे तपशील शेजारी राहणाऱ्या कर्नल जेम्स फर्ग्युसनकडून मिळाले. त्याने येथे नोकरी केली होती. लिड्सडेलमध्ये सात वर्षे रात्री काढलेला लेखक येथे एका सैनिकी शेजाऱ्याच्या आठवणींवर विसंबला, आणि फरक स्पष्ट दिसतो. स्कॉटलंडचा भाग सजीव आहे, म्हैसूरचा दरबार मात्र रंगविलेल्या पडद्यासारखा भासतो. इन्व्हरनाहाइल ज्या इतिहासाविषयी बोलत होता तो त्याचा स्वतःचा होता; फर्ग्युसन ज्याविषयी बोलत होता तो दुसऱ्यांचा, आणि ते दुसरे ह्या संवादात हजर नव्हते. टिपूचा विषय पुढे मेडोज टेलरने १८४० मध्ये कादंबरीत हाताळला आणि त्याच कादंबरीच्या आधाराने हरिभाऊंनी 'म्हैसूरचा वाघ' लिहिली. तेव्हा आपल्याकडे हा विषय इंग्रजी कादंबरीच्या वाटेने आला, ही बाब तौलनिक अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१८३० पासून पक्षाघाताचे झटके येऊ लागले, तरी लेखन थांबले नाही. १८३१ मध्ये स्कॉटने आयर्नग्रे येथील दफनभूमीत हेलन वॉकरच्या थडग्यावर स्वखर्चाने शिला बसविली आणि तिच्यावरील मजकूर स्वतः लिहिला. आयुष्यभर झिजलेली नावे पुन्हा कोरणाऱ्या पाथरवटावर ज्याने कादंबरी लिहिली, त्याने अखेरीस एक नाव दगडावर कोरविले. प्रकृतीसाठी केलेल्या इटलीच्या प्रवासाहून परतल्यावर २१ सप्टेंबर १८३२ रोजी अ‍ॅबट्सफर्ड येथे त्याचा अंत झाला. ड्रायबर्ग मठात त्याचे दफन झाले. उरलेले कर्ज पुढे त्याच्या ग्रंथांच्या हक्कांतून फिटले.

ट्रेन त्याच्यानंतर वीस वर्षे जगला. जावई लॉकहार्टने लिहिलेल्या स्कॉटच्या चरित्रात (१८३७-३८) ट्रेनच्या आठवणी समाविष्ट झाल्या. १८३६ मध्ये निवृत्त झाल्यावर त्याने स्वतःचे ग्रंथ लिहिले. त्यांतील आइल ऑफ मॅनचा इतिहास १८४५ मध्ये निघाला. गॅलोवेचा इतिहास मात्र त्याच्या हातून झाला नाही.

९

योगायोगाच्या भेटी सर्वांनाच घडतात. प्रेस्टनपॅन्सच्या किनाऱ्यावर डाल्गेटीला रोज अनेक जण भेटत होते. ऐकणारा एकच निघाला. तेव्हा योगायोगाचे सामग्रीत रूपांतर होते ते ऐकणाऱ्याच्या सिद्धतेमुळे, हा ह्या चरित्राचा पहिला निष्कर्ष होय. दुसरा अधिक कठीण आहे. स्कॉटने ऋण मान्य केले हे खरे. पण ते आर्थिक संकटाने निनावीपणाचा पडदा फाटल्यावर. तोवर इन्व्हरनाहाइल, पॅटर्सन आणि हेलन वॉकर जिवंत नव्हते. स्वतः गोल्डीबाईही गेल्या होत्या, आणि त्यांच्याविषयीची अधिक माहिती त्यांच्या मुलीने पुरविली. नाव मिळाले, पण ते ऐकायला माणूस उरला नव्हता.

आपल्या विभागांतून लोकसाहित्यावर, बोलींवर, स्थानिक इतिहासावर प्रबंध लिहिले जातात. विद्यार्थी एस. टी.ने खेड्यांत जातात, ओव्या आणि कहाण्या नोंदवून आणतात. प्रबंधाच्या आरंभी मार्गदर्शकांचे, ग्रंथपालांचे, टंकलेखकाचे आभार असतात; परिशिष्टात ओवीखाली पुष्कळदा एक वृद्ध स्त्री एवढीच नोंद असते. येथे निनावीपणाचे कोणतेही बंधन नसते, नाव फक्त विचारलेले नसते. स्कॉटला जे करावयास तेरा वर्षे आणि एक दिवाळे लागले, ते वहीच्या पहिल्या ओळीत करता येण्यासारखे आहे. आणि मार्गारेट लेडलॉसारखी एखादी बाई छापलेले पाहून रागावलीच, तर तो रागही परिशिष्टात नोंदवावा. तिच्या गीताइतकेच ते साधन मोलाचे आहे.